तीन आठवड्यांत डायपरमुक्ती

५ ऑक्टोबर, रविवार. दुपारी १.
माझी बायको सातोए ओसाकाच्या बसमध्ये बसली. डायलिसिस विभागाचं तीन आठवड्यांचं ट्रेनिंग. परत आली की सीनियर नर्सची जागा तिचीच, फक्त आठवड्यातून दोन दिवस संध्याकाळची पाळी करावी लागेल. त्या दोन संध्याकाळी घर आणि नाझुना माझ्याकडे. सातोए म्हणाली, "हे तीन आठवडे कसे जातात ते बघते, मग हॉस्पिटलला हो की नाही कळवते." म्हणजे ट्रेनिंग तिचं, पण परीक्षा माझी.

चिंता नाही. मी हातमोज्यांच्या कारखान्यात उत्पादन नियोजन बघतो. एकशे चाळीस शिवणयंत्रांचं वेळापत्रक माझ्या डोक्यात असतं. मुलगी एकच आहे, आणि तीन वर्षं दोन महिन्यांची आहे.

दुपारी ३.
शीट तयार. तीन टार्गेटं.
एक: नाझुनाचं डायपर बंद.
दोन: ढोबळी मिरची खाणे.
तीन: मला दोन वेण्या घालता येणे.
मुदत २६ ऑक्टोबर. सातोएला सरप्राइज.

डायपरचा प्रश्न गंभीर आहे. मी रोज रात्री घरी येतो तेव्हा ही झोपलेली असते, अंगात डायपर. सकाळी निघतो तेव्हाही झोपलेली असते, अंगात डायपर. म्हणजे चोवीस तास डायपर. सातोएने इतके महिने काहीच प्रयत्न केलेले दिसत नाहीत. तिला दोष देत नाही. तिच्याकडे पद्धत नव्हती.

सासूबाईंचा फोन. त्या साकाइदेला राहतात, ट्रेनने वीस मिनिटं. "येऊ का मदतीला?" मी नम्रपणे नाही म्हटलं. नियोजनात बाहेरचा माणूस आला की आकडे बिघडतात.

६ ऑक्टोबर, सोमवार. सकाळी ६:१०.
पाळणाघरात द्यायच्या पाच डायपरांवर मार्करने नाव लिहिलं. मिझोबुची. मिझोबुची. मिझोबुची. 'मिझो'ची अक्षरं किचकट आहेत. सोप्या हिरागाना लिपीत लिहायला हवं होतं.

टॉयलेटच्या दारावर तक्ता लावला. दर पंचेचाळीस मिनिटांनी घड्याळ वाजणार, नाझुना जाणार, यश आलं की बुलेट ट्रेनचं स्टिकर. सोपं.

वेण्यांना अठरा मिनिटं. डावी उजवीपेक्षा वर गेली, पण उत्साही दिसते.

नाश्ता: उदोन नूडल्स. तात्पुरता.

संध्याकाळी ६.
ऑफिसात सगळे माझ्याकडे बघून हसत होते. साडेचारला निघायची परवानगी मिळाल्याचा हेवा असणार. घरी आल्यावर कोट काढला, तर पाठीवर नऊ बुलेट ट्रेनी.

पाळणाघराच्या वहीत शिनोझाकी बाईंनी लिहिलंय: 'नाझुना आज तीन वेळा छान जाऊन आली.' कुठे जाऊन आली ते लिहिलेलं नाही. बहुधा बागेत. बायका मोघम लिहितात.

आणखी एक गोष्ट. पोरगी कुणाची तरी चड्डी घालून घरी आली. पिवळी, बदकांची. आमची नाही. पाळणाघराचा कारभार ढिसाळ आहे.

७ ऑक्टोबर, मंगळवार.
बदकांची चड्डी धुऊन, घडी घालून, 'आपली चड्डी चुकून आली' अशी चिठ्ठी लावून परत पाठवली.

संध्याकाळी घरचा पहिला सराव. डायपर काढलं, घड्याळ लावलं. मी मालाच्या ट्रकबद्दल फोनवर होतो. नाझुना समोर उभी राहिली, म्हणाली, "पापा." मी बोटाने खूण केली, एक मिनिट. तिने एक मिनिट दिलं. मग चटईवरच.

आपत्कालीन प्रक्रिया: फोन ठेवला. तिला उचललं. कोमट पाण्याचा टब. मोठा टॉवेल डोक्यावरून घेऊन तंबू. रडू नये म्हणून एक गोष्ट तिथल्या तिथे रचली. एका ऑक्टोपसला थंडी वाजते, तो आमच्या कारखान्यात आठ हातमोजे मागायला येतो, पण हातमोजे जोडीनेच मिळतात आणि प्रत्येक जोडीत एक उजवा असतो. त्याला सगळे डावे हवेत. ती हसली. रडतच नव्हती म्हणा.
एकूण वेळ पस्तीस मिनिटं. फार झाला. प्रक्रिया आखूड करायला हवी.

८ ऑक्टोबर, बुधवार.
चड्डी परत आली. तीच. बदकांची. वहीत काही खुलासा नाही, फक्त 'आज चार वेळा जाऊन आली, स्वतःहून.' एवढं लहान मूल स्वतःहून बागेत जातं आणि या बघत बसतात!

वेण्या: चौदा मिनिटं. पाळणाघरातून आली तेव्हा वेण्या वेगळ्या आणि सरळ होत्या. शिनोझाकी बाईंनी सोडून पुन्हा घातल्या असाव्यात. माझी पद्धत समजून घ्यायला.

घरी सराव: अपयश. मी ईमेल लिहीत होतो. टब, तंबू, ऑक्टोपस. अडतीस मिनिटं.

९ ऑक्टोबर, गुरुवार.
ढोबळी मिरचीचं टार्गेट पूर्ण! अगदी बारीक चिरून बटाट्याच्या कोरोक्केत, म्हणजे आपल्या कटलेटात दडवली. ताट स्वच्छ. सातोएला व्हिडिओ कॉलवर सांगितलं. ती म्हणाली, "खरंच? माझ्या हातची तर थुंकते." मी विनयाने विषय बदलला.

१० ऑक्टोबर, शुक्रवार. सकाळी ९:१५. ऑफिस.
उजव्या बुटात ढोबळी मिरची. डाव्यातही. एकूण तेवीस तुकडे, नीट ओळीने लावलेले. नियोजनात पोरगी माझ्यावर गेली आहे.

११ ऑक्टोबर, शनिवार.
तक्त्याचा आढावा. घरी बत्तीस प्रयत्न. यश शून्य. पण दिशा बरोबर आहे. घड्याळ वाजलं की ती जाऊन बसते, माझ्याकडे बघून हसते, काही करत नाही, उठते. मी फोन हातात घेतला की पाच मिनिटांत कार्यक्रम होतो. फोनच्या लहरींचा मूत्राशयावर परिणाम होतो का? शोधून बघितलं. नक्की माहिती नाही.

नाश्ता उदोन, जेवण उदोन. दुकानाच्या मावशी म्हणाल्या, "आज पण?" मी म्हटलं, मुलीला आवडतं. त्यांनी नाझुनाच्या वाटीत अंडं फुकट घातलं आणि माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की जणू बायको मला टाकून गेलीय.

१३ ऑक्टोबर, सोमवार. सुट्टी.
धाडसी निर्णय. मैदानी चाचणी. डायपरशिवाय बोटीने मेगीजिमा बेटावर. वीस मिनिटांचा प्रवास. घरी लक्ष विचलित होतं, समुद्रावर होणार नाही.

दुपारी २.
बोट धक्क्यावरून सुटून चार मिनिटं झाली. ऑफिसचा मेसेज आला, तेवढा बघितला. एकच. मान वर केली तर नाझुना बाकावर शांत बसलेली आणि बाकावरून थेंब.

पिशवीत काय होतं: तक्ता, स्टिकर, थर्मामीटर, तीन टोप्या, लॅपटॉप. काय नव्हतं: चड्डी.

माझा स्वेटर उलटा करून त्याच्या दोन्ही बाह्यांत तिचे पाय घातले आणि गळ्याचं भोक हातरुमालाने बांधलं. तांत्रिकदृष्ट्या उत्तम उपाय. मी बनियनवर. समोरच्या आजीबाईंनी प्लास्टिकची पिशवी पुढे केली. "पहिलंच का?" म्हणाल्या. मी म्हटलं, "नाही, हे नियोजनातच होतं." त्या म्हणाल्या, "माझ्या नवऱ्याचं पण सगळं नियोजनातच असायचं." आणि नाझुनाला संत्रं सोलून दिलं.

बेटावर दोन तास. मुलीने शिंपले गोळा केले, मी तिच्या मागे स्वेटर धरून. ऑक्टोपसची गोष्ट तीनदा सांगावी लागली. ऑक्टोपसने आता कारखान्यात नोकरी धरली आहे, उत्पादन नियोजनात. वाईट दिवस गेला नाही. म्हणजे, चाचणी अयशस्वी. पण माहिती मिळाली.

१५ ऑक्टोबर, बुधवार.
मला किंचित सर्दी. बनियनचा संबंध नसावा.

सासूबाई आल्या. बोलावलं नव्हतं. चार डबे घेऊन आल्या. निरीक्षक म्हणून त्यांना आत घेतलं. तक्त्यापुढे बराच वेळ उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "कोहेई-सान, ही घोड्यांची शर्यत आहे का?" समजावून सांगितलं. त्या म्हणाल्या, "पण माझ्याकडे आली की ही सरळ टॉयलेटात जाते की हो. दारसुद्धा लावून घेते."

मी वाद घातला नाही. माणूस सत्तरीला आला की नातवंडांबद्दल असं वाटू लागतं. आणि त्यांच्यासमोर नाझुनाने मुद्दाम केल्यासारखी चोख कामगिरी करून दाखवली, एक स्टिकर मिळवलं. योगायोग. सासूबाई बघत होत्या आणि मीही फोन बाजूला ठेवून बघत होतो, एवढंच. पण पहिलं स्टिकर! तक्त्याचा फोटो काढला.

सासूबाई निघताना म्हणाल्या, "तुम्ही चांगले आहात हो. पण जरा खाली बसत चला." खाली कुठे? विचारायचं राहिलं.

१६ ऑक्टोबर, गुरुवार.
चड्डी चौथ्यांदा परत आली. आता सोबत आणखी एक, स्ट्रॉबेरीची. मी दोन्ही धुऊन पाठवतो, त्या दोन्ही घालून पाठवतात. याचा शेवट कुठे होणार? शिनोझाकी बाई तरुण आहेत, त्यांना बोललं तर वाईट वाटेल. सोमवारी बोलू.

घरी तीनदा अपयश. एकूण टब एक तास पन्नास मिनिटं. ऑक्टोपसला बढती.

२० ऑक्टोबर, सोमवार. सकाळी १०:४०.
पाळणाघरातून फोन. नाझुनाला ताप, सदतीस पूर्णांक आठ. घेऊन जा. निघालो. अकराला डिसेंबरच्या निर्यातीची मीटिंग आहे, ती घरून व्हिडिओवर घेईन. आजारी मूल झोपतं. सोपं.

दुपारी ४.
आजारी मूल झोपत नाही.

मीटिंगमध्ये सात जण. कुरामोतो साहेब, आमचे विभागप्रमुख, आकडे विचारत होते. नाझुना माझ्या कोपरापाशी येऊन उभी. गाल लाल. "पापा, शू." मी कॅमेऱ्याकडे बघत हसलो आणि टेबलाखालून खूण केली. ती म्हणाली, "पापा." मी आकडा सांगितला. ती म्हणाली, "पापा, बघ." मी तिच्याकडे बघितलं. तिने माझ्या डोळ्यांत डोळे घालून तिथेच केलं.

आणि मग रडली. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा. हुंदके देऊन, मोठ्याने, आईला हाक मारत.

मी लॅपटॉप बंद केला. कुरामोतो साहेब वाक्याच्या मध्यावर होते.

टब नाही, ताप होता. कोमट टॉवेलने पुसलं, कपडे बदलले, आणि ती माझ्या डाव्या हातावर झोपली. दीड तास. हात बधिर झाला, मग हात आहे हेच कळेना. खिडकीतून शेजाऱ्यांचं वाळत घातलेलं धुणं दिसत होतं. नाझुनाच्या भुवया सातोएसारख्या आहेत. तीन वर्षांत हे लक्षात आलं नव्हतं. डाव्या कानामागे तीळ आहे.

कुरामोतो साहेबांचे चार मिसकॉल. मी फोन बघितला नाही. तत्त्व वगैरे काही नाही, फोन दुसऱ्या खोलीत होता.

२१ ऑक्टोबर, मंगळवार.
ताप उतरला. रजा टाकली. कुरामोतो साहेबांना फोन केला, माफी मागितली. ते म्हणाले, "काल लॅपटॉप बंद व्हायच्या आधी आम्हाला सगळं ऐकू आलं." मग म्हणाले, "माझी मुलगी आता एकोणतीस वर्षांची आहे. वर्षातून दोनदा फोन करते." आणि ठेवला. याचा निर्यातीशी काय संबंध, कळलं नाही. विचार करतोय.

२२ ऑक्टोबर, बुधवार. संध्याकाळी ५:३०.
शांतपणे लिहितो.

शिनोझाकी बाईंना गाठलं. म्हटलं, घरचा कार्यक्रम जरा अडला आहे, चार दिवसच उरलेत, तर पाळणाघरातही डायपर काढून सराव घेता येईल का? आणि त्या चड्ड्यांचंही एकदा बघा.

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग अगदी हळू बोलल्या, जणू ताप मला आहे. "मिझोबुची-सान, नाझुना ऑगस्टपासून इथे चड्डीतच असते. या महिन्यात डायपर घालून येते, पण आली की स्वतः काढून बादलीत टाकते. वहीत रोज लिहितो ना आम्ही? तीन वेळा जाऊन आली, चार वेळा जाऊन आली."

मी म्हटलं, "मला वाटलं बागेत."

त्या खूप प्रयत्नाने हसल्या नाहीत. चड्ड्या आमच्याच होत्या. सातोएने ऑगस्टमध्ये घेतलेल्या. बदकाच्या चड्डीच्या पट्टीवर आतून नाव होतं. माझंच. सातोएच्या अक्षरात.

"आणि डायपरबद्दल फार आभार," बाई म्हणाल्या. "रोज पाच येत होते, आम्हाला वाटलं तुम्ही पाळणाघराला देताय. धाकट्या वर्गाला वापरले." दाराच्या काचेतून बघितलं. सहा बाळं रांगत होती. प्रत्येकाच्या ढुंगणावर माझं आडनाव.

समाजकार्य झालं असं म्हणता येईल.

२३ ऑक्टोबर, गुरुवार. संध्याकाळी ६.
सायकलवरून घरी येताना विचारलं. ती मागच्या सीटवर, हेल्मेट घालून. म्हटलं, "नाझुना, तुला टॉयलेटला जाता येतं?"
"येतं."
"आजीकडे जातेस?"
"जाते."
"मग पापाकडे का नाही?"

सिग्नलला थांबलो. मला वाटलं झोपली. मग म्हणाली, "शू झाली की पापा येतो."

म्हटलं, "मी तर घरीच असतो. एरवी कुठे असतो मी?"

"फोनमध्ये."

सिग्नल हिरवा झाला. मागच्या माणसाने घंटी वाजवली. त्याने ती दोनदा वाजवली असावी. डोळ्यांत वारा जात होता. सायकल थांबलेली होती, पण वारा होता.

घरी आल्यावर फोन बुटांच्या कपाटात ठेवला. चटईवर खाली बसलो. ती जरा वेळ माझ्याकडे बघत राहिली, मग जाऊन टॉवेल घेऊन आली. कोरडीच होती. तंबू केला. ऑक्टोपस आता कारखान्याचा मालक आहे, आणि त्याला घरी जायचंय. मध्येच म्हणाली, "थांब हं, शू," आणि गेली, आणि हात धुऊन परत आली.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार.
शून्य अपघात. दोन स्टिकर.

शांतपणे विचार केला. टार्गेट होतं २६ तारखेपर्यंत डायपर बंद. आज ते बंद आहे. आधीपासून बंद होतं की नाही हा मुद्दा टार्गेटमध्ये लिहिलेलाच नाही. म्हणजे तांत्रिकदृष्ट्या टार्गेट पूर्ण. तक्त्यातल्या रिकाम्या चौकोनांत उरलेली स्टिकरं लावून टाकली. नाझुनाने मदत केली. ही खोटी नोंद नाही, मागील थकबाकी आहे.

शिनोझाकी बाई सातोएला काही बोलणार नाहीत. सासूबाई बोलतील, पण त्यांच्या स्मरणशक्तीबद्दल मी आधीच नोंद केली आहे.

२५ ऑक्टोबर, शनिवार.
सफाई. चटई उन्हात. वेण्या नऊ मिनिटं, दोन्ही एकाच उंचीवर. कुणी सोडून पुन्हा घातल्या नाहीत. आज शनिवार आहे, घालणार कोण, पण तरी.

२६ ऑक्टोबर, रविवार. दुपारी ४.
सातोए आली. बसमधून उतरायच्या आधीच नाझुना तिच्या कडेवर. मला बॅगा.

घरी आल्यावर तक्त्यापुढे नेलं. साठ बुलेट ट्रेनी. सांगितलं, "तीन आठवड्यांत डायपरमुक्त. सरप्राइज." सातोएने तक्ता पूर्ण बघितला, वरून खाली. म्हणाली, "छान आहे. मी ऑगस्टमध्ये तीन दिवसांत केलं होतं. तुला सांगितलं पण होतं. तू जेवत होतास. 'अरे वा' म्हणालास."

मला आठवत नाही. पण 'अरे वा' मी म्हणतो खरा.

मी काही बोलायच्या आत ती म्हणाली, "रात्री झोपतानाच फक्त घालायचं डायपर. मला वाटलं तुला माहीत आहे. मग आईचा फोन आला. मग शिनोझाकी बाईंचा. बाईंना बोलताच येईना, इतक्या हसत होत्या." म्हणजे सगळ्यांना माहीत होतं. बुधवारपासून. मी शुक्रवारी स्टिकरं चिकटवत होतो तेव्हा ओसाकाच्या हॉस्टेलवर हशा चालला होता.

विचारलं, "मग हॉस्पिटलला काय कळवणार?"

"कळवलं कालच. हो म्हणून. मंगळवार आणि शुक्रवार. साडेपाचला तू घरात हवास."

"कुठल्या टार्गेटमुळे?"

"कुठल्याच नाही." बॅगेतून धुवायचे कपडे काढत होती. "रोज व्हिडिओवर मी नाझुनाला विचारायचे, आज काय केलं? रोज म्हणायची, पापा माझ्याजवळ बसला. पहिल्या आठवड्यात मला वाटलं, पोरगी थापा मारतेय."

मी खिडकीत जाऊन उभा राहिलो. शेजाऱ्यांचं धुणं बघितलं.

तेवढ्यात टॉयलेटमधून हाक आली. "झालं!" मी धावलो. हे काम आता माझं आहे, तीन आठवड्यांचा अनुभव आहे. दार ढकललं. नाझुना बसलेली, पाय हलवत. माझ्याकडे बघितलं. म्हणाली, "पापा नको. ममा."

सातोए आत गेली. दार लागलं. मी बाहेर उभा. आतून दोघींचं कुजबुजणं, मग हसणं. कशाला हसतायत कळेना. पाच मिनिटं उभा होतो. तिथे उभं राहायचं काही कारण नव्हतं. शीटमध्येही नव्हतं.

मग दोघींनी एकदम हाक मारली. "पापा!"

आतला टॉयलेट पेपर संपला होता. कपाटातही नव्हता. मी सायकल काढली.